गुडघाभर पाण्यातली पाग

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, किती फुटांची घ्यावी, शिसं किती किलो लावावं, गरी (गळाचा आकडा) कोणत्या नंबरची, पालू माशाला कोणतं आमिष, असे नऊ प्रश्न त्यात आहेत आणि नऊच्या नऊ माशांचे आहेत. पाण्याबद्दल एकही नाही. उत्तराची सुरुवात म्हणूनच पाण्यापासून करावी लागेल. होडीतून मासे मारणाऱ्याला पाणी खाली असतं. खाडीत उभं राहून पागणाऱ्याला ते चारी बाजूंनी असतं, आणि जिकडे त्याची पाठ असते तिकडून ते आधी वाढतं.

हे कसं होतं ते नीट समजून घे. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात. कालावल, आचरा, जयगड, दाभोळ, कुठल्याही खाडीच्या मुखाशी थोड्याफार फरकाने असंच दृश्य असतं. पट्टा उंच असतो. पट्टा आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याने कोरलेली एक घळ असते. ओहोटी तळाला गेली की त्या घळीत गुडघ्याखाली पाणी राहतं, म्हणून माणसं ती सहज ओलांडून पट्ट्यावर जातात आणि समुद्राकडे तोंड करून पागायला लागतात. बोई मासळी थव्याने कडेकडेने फिरत असते, लक्ष सगळं तिच्यावर. भरती लागली की पाणी आधी त्या घळीत शिरतं. पट्ट्यावर घोटा भिजेपर्यंत घळ छातीला लागलेली असते.

आता आकडे मांडून बघ. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत साधारण सहा तास. पाणी मात्र सहाही तास सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धर. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मालवण-वेंगुर्ल्याकडे उधाणाला चढउतार दोन मीटरच्या आसपास असतो. घळीत तळाला अर्धा मीटर पाणी असेल, तर एका तासाने ते सुमारे पासष्ट सेंटिमीटर होतं, दोन तासांनी एक मीटर, तीन तासांनी दीड मीटर. पहिल्या तासात जेमतेम वीतभर वाढलं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका त्यानंतर चढाचा जोर येतो. हेच गणित अलिबाग-मुंबईकडे कर. तिथे उधाणाचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो. तीच अर्ध्या मीटरची घळ दोन तासांत दीड मीटर आणि तीन तासांत अडीच मीटर होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत गेलेली माणसं अडकतात ती यामुळेच.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुला घरात कुणीतरी सांगितली असेल. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या मागेपुढे सव्वासहा तासांवर ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास ओहोटी. पागी उधाणाच्या दिवसांत पहाटेच पाण्यावर का दिसतात, ते यावरून कळेल. पण हा ठोकताळा आहे. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी लागते, खाडीत आत जावं तसतशी ती उशिरा पोचते, वारा समुद्रावरून जोरात लागला तर पाणी लवकर चढतं आणि जास्त चढतं. दिवसातल्या दोन भरत्यासुद्धा सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून तिथीवरून अंदाज घे, आणि वेळ व उंची दोन्ही त्या त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की कर.

शिकायला सप्तमी ते दशमी हे भांगाचे दिवस घे. चढउतार कमी, ओढ कमी, चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. उधाणाचा सगळ्यात मोठा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. द्वितीयेला चंद्राची कोर बघून 'आता उधाण उतरलं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

पाण्यात उतरायची वेळ म्हणजे ओहोटीचे शेवटचे दोन तास. उतरत्या पाण्यामागे पुढे सरकत गेलं की जमीन डोळ्यांसमोर उघडी होत जाते, खड्डे कुठे, कालवांचे (शिंपल्यांचे) खडक कुठे, सगळं दिसतं. भरती लागल्यावर अर्ध्या तासात घळीच्या किनाऱ्याकडच्या बाजूला यायचं. मासे तेव्हाच जास्त लागतात हे खरं आहे. नव्या पाण्याबरोबर बोई कडेला येते, मुडदुशी वाळूवर चरायला येते. तरीही अलीकडे यायचं आणि अलीकडच्या कडेला पागायचं. तिथेही मासे येतातच. भरती लागली हे ओळखायला पाण्याच्या कडेला वाळूत एक काठी रोवून ठेव आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून बघ. फेस आणि काटक्या खाडीच्या आत सरकायला लागल्या की पाणी फिरलं.

आता पाण्याची ओढ. उभ्या पाण्यात कमरेपर्यंत गेलं तरी माणूस तोल सांभाळतो. वाहत्या पाण्यात तसं नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो, आणि कंबर बुडाली की पाणीच तुला उचलून धरतं, त्यामुळे तळव्यांची पकड जाते. म्हणून वाहत्या पाण्यात मांडीची मर्यादा ठेव. याला पागेच्या बाजूनेही कारण आहे. मांडीच्या वर पाणी गेलं की हातातल्या जाळ्याची खालची कड पाण्यात ओढली जाते, पाग गोल उघडत नाही, पोळीसारखी पडायच्या ऐवजी दोरखंडासारखी पडते. शिवाय पाणी खोल असेल तर शिसं तळाला टेकायच्या आत मासा खालून निसटतो. खोल जाऊन मासे मिळत नाहीत, हे मनावर बिंबव.

सगळ्यात वाईट ओढ खाडीच्या मुखावर ऐन ओहोटीच्या मधल्या दोन तासांत असते. संबंध खाडीत भरलेलं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं, आणि पावसाळ्यात त्यात नदीचा पूर मिसळतो. त्या वेळी मुखाशी उतरायचंच नाही. आत सरक, जिथे खाडी रुंद आहे आणि कडेला उथळ भाटी, म्हणजे चिखल-वाळूचा सपाट भाग, आहे. चालताना ओढीला आडवं अंग दे, छाती देऊ नकोस. पाय खांद्याइतके फाकलेले, एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पाय सुटलेच तर पाग सोडून दे, पाठीवर हो, पाय वाहत्या दिशेला पुढे ठेव आणि हातांनी तिरकं कडेकडे सरक. ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि बुडतो. मोकळ्या पुळणीवर लाटांमधून आत ओढणारा पट्टा लागला, तर किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं, मग लाटांबरोबर बाहेर यायचं.

पागेचं आता. पहिली पाग लांबीला सात ते आठ फूट पुरे. बोईसाठी एक इंचाच्या आसपासची आस (जाळ्यातलं भोक), शिसं तीन ते चार किलो. वरच्या टोकाला दोरी, खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या, कडेला आत दुमडून बांधलेले खिसे, मासा त्यात अडकतो. आस त्याहून बारीक घेऊ नकोस. बोटाएवढी पिल्लं मेल्यावर फेकून द्यावी लागतात, आणि बारीक आसेची पाग पाण्यात संथ बुडते, त्यामुळे मोठे मासेही निसटतात.

उजव्या हाताचा माणूस दोरीचा फास डाव्या मनगटात घालतो, दोरीची वेटोळी डाव्या मुठीत घेतो, पागेचा वरचा तिसरा भाग त्याच मुठीत धरतो, कडेचा थोडा भाग डाव्या कोपरावर टाकतो, उरलेल्या कडेपैकी अर्धी उजव्या हातात घेतो, आणि कमरेतून वळून सोडतो. बरेच जण शिशाची एक गोळी दातात धरतात. शिसं विषारी आहे, दातांची कड उडते, आणि जाळ्यावर जेलीफिशचे तंतू चिकटलेले असले तर ओठ भाजून निघतात. कोपरावर टाकायची सवय लावलीस की दातांची गरज पडत नाही. दात वापरायची आणखी एक वाईट सवय आहे. दोन्ही हात गुंतले की काही जण जिवंत मासा दातात धरतात. तो एक झटका देऊन घशात शिरतो, आणि पर मागे वळलेले असल्यामुळे ओढून बाहेर येत नाही. माणूस किनाऱ्यापर्यंत पोचत नाही.

मनगटातला फास नीट बघ. गच्च गाठीचा फास म्हणजे आपणच आपल्याला पाण्याला बांधणं. पाग खडकात किंवा बुडालेल्या खांबात अडकली आणि वर भरती चढायला लागली, की तो हात सुटला पाहिजे. फास एवढा सैल ठेव की मूठ मिटून झटका दिला तर निघावा. कमरेला माशांची पिशवी बांधायची ती सुरगाठीने, एका ओढीत सुटणारी. आणि छातीशी उजव्या हाताला पोचेल असा लहान चाकू, म्यानासकट. खिशातला चाकू ओल्या हाताने उघडत नाही.

पाग पडल्यावर दोरी हलके हलके ओढ, म्हणजे शिसं तळाला घासत एकत्र येतं. इथे एक जुनी सवय मोडायची आहे. पाग तळाला पडली की माणसं वरून हाताने चाचपतात किंवा कडेवर पाय ठेवतात, मासा खालून जाऊ नये म्हणून. त्या जाळ्याखाली बोई आहे की पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा), हे हाताला टोचल्यावरच कळतं.

पाकटाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. पाकट उथळ, कोमट, शांत पाण्यात वाळूत अंग पुरून बसतं. वर दिसतात ते फक्त डोळे आणि श्वासाची दोन भोकं, तीही गढूळ पाण्यात दिसत नाहीत. ते अंगावर धावून येत नाही. पाठीवर पाय पडला की मात्र शेपूट वर उसळून घोट्याला किंवा पोटरीला काटा लागतो. काटा दोन्ही कडांना करवतीसारखा, दाते मागे वळलेले, वरून पातळ त्वचेचं आवरण, आणि विष त्या आवरणाखालच्या खाचेत. आत जाताना तो सरळ जातो, बाहेर येताना मांस फाडतो आणि आवरणाचे तुकडे आत सोडतो. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला कित्येकांच्या पायाला असेच काटे लागले. गुडघाभर पाणी, गर्दी, आणि प्रत्येक जण पाय उचलून टाकत चाललेला.

उपाय पाय न उचलण्यात आहे. तळवा वाळूवरून घासत पुढे सरकव, एका वेळी वीत-दीड वीत. पाय बाजूने लागला की पाकट उठून निघून जातं. हातात पाच फुटी बांबूची काठी असेल तर ती पुढे तिरकी टेकवत चाल. काठीवर वीत-वीत अंतरावर खुणा कर, म्हणजे खोलीही कळते. घासत चालणं कंटाळवाणं आहे, आणि माणूस ते नेमकं दोन वेळा विसरतो: मासा लागल्यावर पुढे धावताना, आणि दमून परत येताना. त्या दोन वेळांसाठी स्वतःला आधीच बजावून ठेव.

काटा लागलाच तर आधी पाण्याबाहेर ये. रक्त वाहत असेल तर दाबून धर, जखम धुऊन घे. मग पाय गरम पाण्यात. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने मोडतं, आणि वेदना उतरतात त्या यानेच. पाणी सोसेल तितकं गरम, पण ४५ अंशांच्या वर नाही. अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं, निवलं की थोडं थोडं गरम ओतायचं, ओतताना पाय बाहेर काढायचा. पाण्याचा गरमपणा जखमी पायाने ठरवू नकोस. तो बधिर झालेला असतो आणि भाजला तरी कळत नाही. सोबत्याच्या कोपराने बघ. म्हणून सामानात एक लिटरचा थर्मास गरम पाण्याने भरलेला आणि एक लहान प्लास्टिकची बादली असायलाच हवी. किनाऱ्यावरच्या पहिल्या घरात चूल पेटलेली असेलच असं नाही. काटा छातीत, पोटात, मानेत किंवा जांघेत रुतला असेल तर ओढू नकोस, तसाच ठेवून दवाखान्यात जा. पायाच्या जखमेचाही एक्स-रे काढून घे. आत राहिलेला तुकडा पंधरा दिवसांनी पू करून वर येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल.

शिंगाळा हा मासा पाकटापेक्षा जास्त जणांना टोचतो, कारण तो पागेत दर दोन-चार फेकींना सापडतो. पाठीवर एक काटा आणि दोन्ही कुशींना एक एक, तिन्ही ताठ उभे करून तो त्यांना कुलूप लावल्यासारखे अडकवतो. काटे दातेरी असतात आणि त्यावरच्या चिकट पातळ कातडीत विष असतं. जाळ्यातून तो काढताना घाई केली की तळहातात काटा जातो. जाळं वाळूवर पसर. माशावर ओलं गोणपाट टाक. पक्कडीने पाठीचा काटा बुडाशी धरून मोड, मग कुशीचे दोन. नंतर डोक्याच्या मागून धरून आस सोडव. आस फारच गुंतली असेल तर दोन धागे काप. शिवायला पाच मिनिटं लागतात. मेलेल्या शिंगाळ्याचा काटासुद्धा तितकाच टोचतो, म्हणून पिशवीत टाकायच्या आधी काटे मोडलेच पाहिजेत. पिशवी चालताना मांडीला घासत असते. शिंगाळ्याच्या टोचण्यालाही गरम पाणी हाच उपाय आहे.

पायात काय घालायचं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगायला हवं. चपला चिखल खेचून घेतो. गमबूट पाण्याने भरला की प्रत्येक पाय चार किलोचा होतो आणि पोहता येत नाही. घोट्यावर येणारे, नाडी आवळायचे, जाड रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घे, जुने चालतील. आत मोजे घाल, नाहीतर वाळू टाच सोलते. त्याने पाकटाचा काटा हमखास थांबेल असं नाही, पण कालवं नक्की थांबतात. अंगात घट्ट, पातळ, पूर्ण बाह्यांचे कपडे. लुंगी किंवा घोळदार पॅन्ट ओढीत शिडासारखी भरते. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, मोबाइल दोन पिशव्यांत बंद. पोहता येत असलं तरी मुखाच्या जवळपास जाणार असशील तर तरंगतं जाकीट घाल. इथले फार थोडे जण घालतात. तू घाल.

कालवांनी कापणं हा प्रकार लोक हसण्यावारी नेतात, आणि माझ्या मते या सगळ्या यादीत सर्वांत जास्त दुर्लक्षिलेला धोका तोच आहे. खडकावर बसलेल्या कालवांची कड ब्लेडसारखी असते. पाण्यात कापल्याचं जाणवतही नाही, बाहेर आल्यावर रक्त दिसतं. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू निसर्गतःच राहतो, आणि आपलं पाणी त्याला वर्षभर पुरेसं कोमट असतं. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्याच्या शरीरात मात्र तो काही तासांत पसरतो. म्हणून अंगावर उघडी जखम, ताजा गोंदण, फुटलेला फोड असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नकोस. कापलं तर तिथेच बाहेर ये, बाटलीतल्या गोड्या पाण्याने आणि साबणाने खसखसून धू, कोरडं कर, औषध लाव, आणि त्या दिवसापुरतं पागणं संपलं असं समज. भोवतालची लाली पेनने रेघ मारून आखून ठेव. ती रेघेबाहेर गेली, जांभळे फोड आले, ताप-थंडी वाजली किंवा जखमेच्या मानाने दुखणं फारच जास्त वाटलं, तर सकाळची वाट बघू नकोस. दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांग, की जखम खाऱ्या पाण्यात झाली आहे. त्यावरून औषध बदलतं. तुझ्या काकांना साखर आहे असं तू लिहिलंयस. त्यांना काठावर बसव, पाण्यात नेऊ नकोस.

चिखल. कांदळवनाच्या कडेला वाळू संपून चिखल कुठे सुरू होतो, हे वरून कळत नाही. काठी टेकव. वीतभर गेली तर चाल, दोन वीत गेली तर मागे फीर. खेकड्यांची बिळं दाट असलेली, गवत किंवा मुळं वर आलेली जागा बहुधा पाय धरते. गुळगुळीत, चकाकणारा, एकही बीळ नसलेला भाग संशयाचा. रुतल्यावर पाय सरळ वर ओढला की तळव्याखाली पोकळी होते आणि चिखल अधिक घट्ट धरतो. त्या वेळी दुसऱ्या पायावर सगळा भार येतो आणि तोही जातो. आधी थांब. मागे टेकून बस, नाहीतर पाठीवर आडवं हो, भार पसरव. काठी आडवी अंगाखाली घे, पाग असेल तर तीही पसर. मग एक पाय टाचेतून थोडा थोडा पुढेमागे हलव, म्हणजे बाजूने पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. तो मोकळा झाला की गुडघा चिखलावर टेकव, मग दुसरा. बूट गेला तर जाऊ दे. बाहेर पडताना रांगत, आल्या वाटेनेच. सोबत्याने जवळ यायचं नाही, त्याने दोरी फेकायची. भरती चढत असताना चिखलात रुतणं हे या सगळ्या प्रकारांत सर्वांत जीवघेणं, म्हणून चिखलाच्या कडेला फक्त उतरत्या पाण्यातच जा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जेलीफिशचे तंतू अंगाला लागले तर चोळू नकोस, वाळू लावू नकोस, गोडं पाणी ओतू नकोस. समुद्राच्या पाण्याने धू, कार्डाच्या कडेने तंतू उचल, मग गरम पाणी. पावसाळ्यात पुळणीवर निळसर फुग्यासारखे दिसतात ते मेलेलेही डसतात. सिंधुदुर्गाकडे जाळ्यात समुद्रसाप येतो. चावा दुखत नाही, म्हणून लोक विसरतात. काही वेळाने अंग आखडतं, स्नायू दुखतात, लघवी गडद होते. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरचं आहे, समुद्रसापासाठी ते नाही. त्यामुळे चावा लागला की थेट मोठं रुग्णालय. पागेत साप दिसला तर हात न लावता पाग पुन्हा पाण्यात सोड, कड सैल कर, तो आपणहून जातो. वाशिष्ठीसारख्या खाडीत वरच्या अंगाला, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात, मगरी आहेत. तिथे पाण्यात उभं राहून पागायचं नाही, आणि तिन्हीसांजेला कडेलाही बसायचं नाही.

गरवायचं असेल तर सात फुटी हलकी काठी पुरे. मुडदुशीला आठ नंबरची लहान गरी आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. पालू आणि तांबोशीला एक-शून्य नंबरची गरी, अख्खी जिवंत कोळंबी, वीस-तीस ग्रॅम शिसं. गरीचा उलटा दात पक्कडीने चेपून सपाट कर. दोर ताणलेली ठेवलीस तर मासा सहसा सुटत नाही, आणि गरी स्वतःच्या बोटात गेली तर तशीच उलटी निघते. आभाळात गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून बाहेर ये. कार्बनची काठी हातात धरून पाण्यात उभा असलेला माणूस आसपासची सगळ्यात उंच वस्तू असतो. वैशाखातले वळीव आणि आश्विनातला परतीचा पाऊस या दोन्ही वेळी दुपारनंतर आभाळावर नजर हवी. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती पायी पागणाऱ्याला लागू नाही, पण त्या दोन महिन्यांत मुखावर पाणी गढूळ असतं, तळ रोज बदलतो. मागच्या आठवड्यातली वाट या आठवड्यात तिथे नसते.

परत आल्यावर पाग गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळत घाल, उन्हात नायलॉन कुजतं. मग उजेडात बसून दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांसकट तपास. घरी निघताना सांगितलेली वेळ आणि जागा पाळलीस ना, एवढं बघ. निघताना ती सांगायची असते, हे वर लिहायचं राहिलं: कुठल्या काठावर, कोणासोबत, किती वाजता परत. त्या वेळेनंतर अर्ध्या तासाने कुणीतरी शोधायला निघालं पाहिजे.

आता तुझ्या पंचांगात येती अष्टमी बघ. ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येईल. दहा वाजता काठावर पोच, पाग घरी ठेव. फक्त बूट, काठी, पाणी आणि एक सोबती. पाणी उतरत जाईल तसं त्याच्या मागे चाल, घळ कुठे आहे ते शोध, तळाला ती किती खोल राहते ते काठीवर मोज, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन झाडांच्या रेषेत ती सर्वांत उथळ आहे ते लक्षात ठेव. ते माप आणि त्या झाडांची नावं मला लिहून पाठव. पागेची लांबी त्यानंतर ठरवू.